१६ किलोचं इंजिन काढून ४८ किलोचं बसवलं, आता ब्लेड वर चढतंय

ओंडका_दिंडोरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं वाचतोय, लिहायची वेळ आज आली.

माझ्याकडे चाकावरचं आडवं बँडसॉ मशीन आहे, म्हणजे गोल फिरणाऱ्या पट्टीच्या ब्लेडने ओंडके कापायची करवत. पाच वर्षांपूर्वी एका फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलं. १९ इंची दोन चाकं, ३२ मिमी रुंदीचं ब्लेड, खाली अँगलची साडेपाच मीटरची पटरी. दोन खांबांवर हेड (चाकं, ब्लेड आणि इंजिन बसवलेला भाग) वरखाली सरकतं, उचलायला हातविंच आणि ६ मिमीची वायर रोप. शेतकऱ्याच्या बांधावर मशीन न्यायचं, त्याच्याच झाडाच्या फळ्या नाहीतर चौरस पाडून द्यायचे, हा धंदा. बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ जास्त. कांदा चाळीचे खांब, बैलगाडीची दांडकी, हल्ली पॅलेटच्या फळ्याही.

आधी साडेसहा एचपीचं पेट्रोल इंजिन होतं, वजन १६ किलो. निलगिरीत चालायचं. पण वाळलेली बाभूळ १४-१५ इंचाच्या पुढं गेली की दम तोडायचं. मागच्या महिन्यात त्याची पिस्टन रिंग गेली. मेव्हण्याकडे बंद पडलेला पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र) होता, त्याचं १८६ मॉडेलचं एअरकूल्ड डिझेल इंजिन चांगलं होतं, ते काढून बसवलं. वजन ४८ किलो. जुन्या प्लेटवर नवीन भोकं मारली, पुली बदलली आणि चालू केलं.

ताकद आली, त्यात शंका नाही. पण पहिल्याच ओंडक्यात ब्लेड चढायला, म्हणजे कापता कापता रेषा सोडून वर जायला लागलं. २५ मिमीची फळी लावली तर सुरुवातीला २५ आणि शेवटाला २१. ब्लेड नवीन घातलं, तरी तेच. विंच फिरवताना दोन्ही हात लावावे लागतात. डाव्या बाजूला, म्हणजे इंजिनच्या अंगाला, ब्लेड उजवीपेक्षा २ मिमी खाली दिसतं.

इंजिन परत काढायची इच्छा नाही. काय करू?

निफाड_द्राक्ष
भाऊ, मी मशीनवाला नाही, पण तुमच्यासारख्याकडूनच मागच्या वर्षी चाळीचं लाकूड कापून घेतलं. ब्लेड चढतं म्हणजे धार गेली असणार. आमच्याकडे आलेला दर दीड-दोन तासाला ब्लेड बदलायचा. बाभळीचा डिंक धरतो म्हणाला, पाण्याची धार सोडून ठेवायचा.

ओंडका_दिंडोरी
दादा, पाणी चालू आहे, त्यात भांड्याचं साबण थोडं टाकतो. ब्लेड पेटीतून काढलेलं नवं होतं. धारेचा प्रश्न असता तर जुन्या इंजिनवरही चढलं असतं.

सिन्नरचा_फिटर
पेट्रोलच घ्यायला हवं होतं. ३८९ सीसीचं होंडा जीएक्स ३९० साधारण ३१-३२ किलोला येतं, डिझेलपेक्षा १६ किलो कमी. कंपन कमी, स्विच दाबला की बंद. डिझेल हलक्या फ्रेमवर टाकणं मला पटत नाही.

ओंडका_दिंडोरी
दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण नवीन ३९० घ्यायला आत्ता पैसे नाहीत आणि हे इंजिन घरात होतं. शिवाय तासन् तास लोडवर चालतं तेव्हा पेट्रोलचा खर्च मला झेपत नव्हता. डिझेल सव्वा ते दीड लिटर तासाला खातं, बाभळीत मोजलंय.

सिन्नरचा_फिटर
मग ठीक. एक लक्षात घ्या, पेट्रोल इंजिनावर छापलेला एचपी आणि हाती येणारा एचपी यात फरक असतो. साडेसहा लिहिलेलं जीएक्स २०० होंडाच आता नेट साडेपाच सांगते. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. त्यांच्याच पुस्तकात दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद घटते असं दिलंय. म्हणजे तुमच्या हाती पाच एचपी होते. त्यात १५ इंची वाळलेली बाभूळ कापायची अपेक्षाच जास्त होती. तुमच्या जुन्या इंजिनाचा दोष नव्हता तो.

टर्नर_अंबड
पोरा, फोटो टाक. बाजूने एक, मागून एक. इंजिनाचा मध्य खांबापासून किती सेंटीमीटर मागे आहे ते मोजून लिही. जुन्याचं अंतर आठवत असेल तर तेही. हेडची जी स्लीव्ह खांबावर सरकते तिची लांबी मोज, आणि तिच्यात ढिल किती आहे ते फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघ.

वजन किती आहे याने मी घाबरत नाही. कुठं टांगलंय ते आधी बघू.

ओंडका_दिंडोरी
काका, मोजलं.

जुन्याचा मध्य खांबाच्या रेषेपासून ३४ सेंमी मागे होता (जुन्या प्लेटवर खुणा आहेत). नवीन लांबीला मोठं असल्याने ३८ सेंमी मागे गेलंय. स्लीव्ह १८ सेंमी लांब. ढिल दोन्ही खांबांवर दीड मिमी. पाच वर्षांत आतल्या नायलॉन पट्ट्या झिजल्यात, हे मला आजच कळलं.

ब्लेड खांबापासून पुढे ४० सेंमी.

टर्नर_अंबड
आता सगळं समजलं. शांतपणे वाच.

तुझ्या हेडला पुढच्या अंगाला दोन चाकं, ब्लेड आणि ताण द्यायचा स्क्रू लटकलाय. मागे इंजिन. ज्याने मशीन बनवलं त्याने पुढचं ओझं मागच्या इंजिनाने तोललं होतं. १६ किलो गुणिले ३४ सेंमी म्हणजे ५४४. आता ४८ गुणिले ३८ म्हणजे १८२४. मागची बाजू सव्वातीन पटीने जड झाली. हेड मागे बसतं आणि पुढचं तोंड वर उचलतं. ब्लेडचे दात पुढे असतात, म्हणून दात वर बघायला लागतात. अशा ब्लेडला लाकडात ढकललं की ते वरच जाणार. तुझं ब्लेड चांगलंच आहे, त्याला दिशा चुकीची मिळालीय.

किती वर बघतं तेही काढ. स्लीव्ह १८० मिमी, ढिल दीड मिमी. ४०० मिमी पुढे ब्लेड. दीड भागिले १८० गुणिले ४००, म्हणजे ३.३ मिमी. एवढं तोंड वर आलंय.

यावर दोन कामं. पहिलं, इंजिन पुढे आण. जुनं ५४४ चं माप राखायचं तर ४८ किलोचं इंजिन खांबापासून साधारण ११ सेंमीवर यायला हवं. दुसरं, स्लीव्ह दुप्पट लांब कर, ३६ सेंमी, आणि पट्ट्या नव्या घालून ढिल अर्ध्या मिमीवर आण. मग तेच गणित अर्धा भागिले ३६० गुणिले ४००, म्हणजे अर्ध्या मिमीच्या जरा वर. ३.३ वरून ०.६ वर आलास.

मला विचारशील तर स्लीव्हचं काम आधी. लोक इंजिनाकडे बघतात, स्लीव्हकडे कोणी बघत नाही.

ओंडका_दिंडोरी
काका, तुम्ही लिहिलेलं कागदावर मांडून दोनदा वाचलं. पटलं.

एक विचार आला. इंजिनाचा शाफ्ट आत्ता पुढे तोंड करून आहे आणि बाकीचं धड मागे. इंजिन उलटं फिरवून बसवलं, शाफ्ट मागे आणि धड पुढे, तर मध्य आपोआप खांबाजवळ येईल ना? प्लेटही फारशी बदलावी लागणार नाही.

टर्नर_अंबड
नको!! तसं मुळीच करू नकोस.

इंजिन फिरवलंस की ब्लेड उलटं पळेल. ही इंजिनं शाफ्टच्या अंगाने बघितलं की घड्याळाच्या उलट फिरतात. शाफ्टचं तोंड मागे केलं की चाकाला मिळणारी फेरी पालटते. दात लाकूड कापण्याऐवजी घासत सुटतात, ब्लेड लाल होतं, आणि जो भुसा आत्ता पलीकडे उडतो तो तुझ्या तोंडावर येतो. क्रॉस बेल्ट घालून दिशा फिरवायची असं कोणी सांगेल, तर व्ही बेल्ट आडवा घासून आठवड्यात संपतो.

वीडरचं इंजिन म्हणालास म्हणून आणखी एक. काही इंजिनांना शाफ्ट कॅमच्या बाजूने काढलेला असतो, तो निम्म्या फेऱ्यांवर फिरतो. काहींचा टेपर, म्हणजे निमुळता असतो. तुझा सरळ २५ मिमी चावीवाला आहे ना? आणि चालू करून शाफ्ट कुठल्या दिशेला फिरतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. माझ्या सांगण्यावरही विश्वास ठेवू नकोस.

ओंडका_दिंडोरी
सरळ २५ मिमी, चावीवाला. दिशा बघितली, तुम्ही म्हणता तशीच. इंजिन उलटं करायचा विचार सोडला.

पॅलेट_सातपूर
मी सातपूरला पॅलेट बनवते, माझ्याकडे दोन उभे बँडसॉ आहेत, मोटरवर चालतात. तुमचा धागा पहिल्यापासून वाचला.

एक सुचवते. इंजिन पुढे आणायचं तर चाकाच्या शाफ्टवरची मोठी पुलीही पुढे यायला हवी, नाहीतर बेल्ट तिरका जाईल. ती पुली आत्ता बेअरिंगच्या बाहेर मागे लटकलेली असणार. चाकाचा शाफ्ट नवीन करून पुली दोन बेअरिंगांच्या मध्ये घेतली तर? इंजिन पुढे येतं आणि शाफ्टवर बाहेर लटकता भारही राहत नाही. तोटा एकच, बेल्ट बदलायला एक बेअरिंग सोडावं लागतं. म्हणून एक जादा बेल्ट आधीच शाफ्टवर ओवून बाजूला बांधून ठेवायचा. मी तसंच करते.

बेअरिंग कुठलं आहे? यूसीपी २०५ असेल तर शाफ्ट २५ मिमीचा. नवीन शाफ्ट करणारच आहात तर ३० मिमीचा करा आणि यूसीपी २०६ घाला. खर्चात फार फरक नाही.

टर्नर_अंबड
ताईंनी माझं अर्धं काम केलं. असंच करायचं.

ओंडका_दिंडोरी
ताई, २०५ च आहे. बेल्ट ओवून ठेवायची युक्ती फार आवडली. पुलीचं मापही विचारून घेतो. आधी इंजिनवर साडेतीन इंची, चाकाकडे १२ इंची होती. डिझेल मी ३००० फेऱ्यांवर लावलंय.

पॅलेट_सातपूर
तुमचं चाक ४८० मिमीच्या आसपास, म्हणजे एका फेरीत दीड मीटर ब्लेड पळतं. पेट्रोल ३६०० वर असताना साडेतीन आणि बाराने चाक १०५० फेऱ्या करत होतं. ब्लेड सेकंदाला २६ मीटर. आता ३००० वर तीच पुली ठेवली तर ८७५ फेऱ्या, सेकंदाला २२ मीटर. निलगिरीला हे कमी पडेल. इंजिनवर ४ इंची पुली घाला. मग चाक बरोबर १००० फेऱ्या, ब्लेड सेकंदाला २५ मीटर. अशा ब्लेडना २० ते २५ च्या पट्ट्यात चांगलं चालताना मी बघितलंय. वाळलेल्या बाभळीला इंजिन जरा कमी करून चालवा.

आणि ताकद वाढली म्हणून ब्लेडचा ताण वाढवू नका. ब्लेड तेच आहे, त्याचा ताणही तोच. ढकलायचा वेग वाढेल तो दाताच्या खोबणीत भुसा मावेल इतकाच. खोबण भरली की ब्लेड वाकडं जाणारच, मागे कितीही एचपी असोत.

पेठरोड
मोटर का नाही लावत भाऊ? साडेसात एचपीची थ्री फेज. ना डिझेल, ना कंपन.

ओंडका_दिंडोरी
बांधावर थ्री फेज कुठून आणू दादा? शेतीची लाईन दिवसा आठ तास नाहीतर रात्री, तीही आळीपाळीने. आणि शेतीच्या कनेक्शनवर करवत चालवली तर त्या शेतकऱ्यावरच वीज कायद्यात बिल लागतं. त्याच्या अंगाला ते लावायचं नाही.

हरसूल_वनवाट
माझा प्रश्न इंजिनाचा नाही, पण विचारायलाच हवा. परवाना आहे ना? चाकावर असलं तरी आरा मशीन ते आरा मशीनच. जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन प्रकरणातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून या धंद्यावर बारीक नजर आहे. पुढं २०१६ ला केंद्राची लाकूड उद्योगांसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही आली. आणि झाड शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावरचं असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, आंबा, चिंच, जांभूळ अशी काही झाडं अनुसूचित आहेत, ती परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. आमच्या भागात एका पोराने 'घरचंच झाड' म्हणून सागाच्या फळ्या पाडल्या. मशीन, लाकूड, ट्रॅक्टर सगळं जमा झालं. पोरगा चांगला होता. फार वाईट वाटलं.

ओंडका_दिंडोरी
परवाना वडिलांच्या नावावर जुना आहे, दरवर्षी नूतनीकरण होतं. इंजिन बदलतोय हे वनविभागाच्या कार्यालयात लेखी दिलंय, पोच घेतलीय. आंबा-चिंच असेल तर आधी शेतकऱ्याकडून कागद मागतो, तो नसेल तर मशीन ट्रॉलीवरून खाली उतरवतच नाही.

हरसूल_वनवाट
ऐकून बरं वाटलं.

सिन्नरचा_फिटर
विंचचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मला हे अंगावर आलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एकाच्या मशीनचं काम करत होतो. हेडचं वजन वाढलं होतं, रोप तीच. मी खाली वाकून ब्लेडचा गाईड बसवत होतो आणि रोप पुलीवरून तुटली. हेड अडीच फुटावरून खाली आलं. ओंडका खाली होता म्हणून हात वाचला. ओंडक्यावर ब्लेडचा जो घाव उमटला तो मी अजून विसरलो नाही.

नंतर बघितलं तर रोप ताकदीने कमी नव्हती. ६ मिमीची चांगली रोप तुटायला दोन टनांच्या आसपास लागतात, पाचवा भाग धरला तरी चारशे किलो. हेड दीडशेचंही नव्हतं. रोप खाल्ली होती पुलीने. दोन इंचाची पुली होती. तेवढ्याशा गोलावर रोप रोज वाकली की आतल्या तारा एकेक तुटत जातात, बाहेरून काही दिसत नाही. ६ मिमीच्या रोपला पुली निदान ११०-१२० मिमीची हवी.

क्लिपही बघा. रोपचं टोक आवळणाऱ्या बुलडॉग क्लिपचं यू तोंड रोपच्या मोकळ्या टोकावर यायला हवं आणि जाड पाठ ताण असलेल्या दोरीवर. उलटी लावली तर यू ताणातल्या दोरीला चेपतो, तिथंच ती कमजोर होते. तीन क्लिपा. तुमची डावी बाजू २ मिमी खाली आहे ना, मला वाटतं तिथली क्लिप सरकतेय.

आणि हेडखाली काम करायचं तर खांबाला भोक मारून २० मिमीची पिन घालायची. रोपच्या भरवशावर हात घालायचा नाही.

ओंडका_दिंडोरी
दादा, हे वाचून उठून गोठ्यात गेलो आणि टॉर्च घेऊन बघितलं. पुल्या ५० मिमीच्याच. डाव्या बाजूला दोनच क्लिपा, त्यातली एक उलटी. रोपवर हातातलं फडकं फिरवलं तर दोन ठिकाणी अडकलं, तारा तुटून वर आल्यात. गेल्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ त्याच हेडखाली बसून भुसा काढत होता.

उद्याच रोप बदलतो. तुमचे आभार मानावे तेवढे कमी.

सिन्नरचा_फिटर
आभार नकोत. पिन विसरू नका.

निफाड_द्राक्ष
मागच्या बाजूला दोरीला वजन टांगलं तर विंचही हलका होईल आणि कलही जाईल ना?

टर्नर_अंबड
विंच हलका होईल. कल जाणार नाही. खांबाच्या रेषेत दोरीने टांगलेलं वजन हेडला नुसतं वर ओढतं, फिरवत नाही. कल घालवायचा तर वजन हेडलाच, पुढच्या अंगाला, बोल्टने लावावं लागतं. हा घोळ पुष्कळ जण करतात.

टर्नर_अंबड
पोरा, डिझेलच्या कंपनाचं सांगायचं राहिलं. रबर माउंट घालायचा मोह होईल. घालू नकोस. मऊ रबरावर इंजिन बेल्टच्या ताणाने वाकतं, बेल्ट ढिला होतो, तू परत ताणतोस, ते परत वाकतं. १० मिमीची प्लेट घे, खाली दोन चॅनेल, सरळ बोल्टने कस. नायलॉक नट. एक तास चालवल्यावर कस, दहा तासांनी परत कस.

प्लेट हेडच्या पाइपला जिथं वेल्ड होते तिथं कोपऱ्यात ६ मिमीचा गसेट (तिकोनी आधाराची प्लेट) टाक. भेग नेहमी वेल्डच्या कडेला सुरू होते. तिथं पांढरा चुना किंवा खडूची पूड लावून ठेव, बारीक भेग पडली की त्यावर काळी रेघ उमटते. आम्ही प्रेसच्या फ्रेमला असंच बघायचो.

पॅलेट_सातपूर
अजून एक, हे जिवाचं आहे. तुमच्या पेट्रोल इंजिनाला हँडलवर लाल स्विच असेल. तो दाबला की स्पार्क बंद, इंजिन बंद. डिझेलला स्पार्कच नसतो. ते बंद करायला इंजिनावरचा स्टॉप लिव्हर ओढावा लागतो, डिझेल तोडावं लागतं. ओंडका उसळला, कोणाचा कपडा ओढला गेला, तर तुम्ही हँडल सोडून इंजिनाकडे धावणार का? मोटरसायकलची ब्रेक केबल घ्या, स्टॉप लिव्हरपासून हँडलपर्यंत आणा. शिवाय बेल्ट ढिला करायचा आयडलरचा लिव्हरही हाताजवळ ठेवा. आधी बेल्ट, मग इंजिन.

ओंडका_दिंडोरी
ताई, माझा लाल स्विच हँडलवर तसाच आहे, त्याची वायर तुटलेली लोंबतेय. आठ दिवस मी या मशीनवर काम केलं. केबलचं काम आजच.

ओंडका_दिंडोरी
मंडळी, सतरा दिवसांनी येतोय. काकांकडे अंबडला चार खेपा झाल्या. (शाफ्टचे पैसे घेतले, स्लीव्हच्या मजुरीचे घेतले नाहीत.)

स्लीव्ह ३६ सेंमीची झाली, आत नायलॉनच्या नव्या पट्ट्या, ढिल अर्धा मिमी. शाफ्ट ३० मिमी, यूसीपी २०६, पुली मध्ये, जादा बेल्ट ओवून बांधलाय. इंजिन ११ सेंमीवर येत नव्हतं, डिझेलची टाकी खांबाला घासत होती. १४ वर थांबलो. म्हणजे ६७२, जुन्यापेक्षा १२८ जास्त. मी पुढच्या अंगाला पाण्याचा कॅन बांधून तोलायला निघालो होतो, तर ताई फोनवर म्हणाल्या, पाणी कापताना संपत जातं, मग तोल कसा राहील. म्हणून ५ किलोची लोखंडी पट्टी खांबाच्या २६ सेंमी पुढे बोल्टने लावली. १३०.

रोप नवीन, पुल्या १२० मिमीच्या, तीन क्लिपा. विंच एका हाताने फिरतो. पिन दोन्ही खांबांना. केबल लावली, भावाला पाच वेळा ओढायला लावली.

काल मोहाडीजवळ वाळलेली बाभूळ कापली, १७ इंची. २५ ची फळी लावली, दोन्ही टोकांना आणि मध्ये कॅलिपर लावला. २५.२, २५.०, २४.७. डावी-उजवी फरक अर्धा मिमी. इंजिनाचा आवाज एकदाही बसला नाही. फळीवर हात फिरवला तर नखाएवढीसुद्धा लाट नव्हती. मालक म्हातारे गृहस्थ, त्यांनी फळी उचलून डोळ्यासमोर धरली, एका टोकाकडून दुसऱ्याकडे बघितलं आणि गाडीच्या साटीला हीच घालायची म्हणाले.

एक शंका राहिली. ०.३ नि ०.५ चा फरक आहे तो ढिलीचाच ना काका? पट्टी थोडी वाढवून अगदी बरोबर तोलून टाकू का?

टर्नर_अंबड
नाही. अगदी शून्यावर आणू नकोस. पुढे-मागे बरोबर तोललेलं हेड ढिलीत मध्येच तरंगतं, गाठ लागली की पुढे आणि गाठ सुटली की मागे डुलतं. थोडं मागे जडच असू दे, म्हणजे अर्धा मिमी ढिल नेहमी एकाच अंगाला बसलेली राहील. मग त्या बसलेल्या जागेवर ब्लेडचा गाईड लाव. ३०० मिमीची पट्टी ब्लेडला चिमट्याने धर, पटरीपासून पुढचं आणि मागचं टोक मोज, सारखं आलं की कस.

वाळलेली बाभूळ कापतोस म्हणजे भुसा कोरडा. इंजिनाच्या फिनांत (थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांत) तो जाऊन बसतो, एअरकूल्ड डिझेल त्याने तापतं. रोज संध्याकाळी झाकण काढून ब्रशने फिना मोकळ्या कर, ऑइलबाथ फिल्टरचं तेल बघ. एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा.

पेठरोड
भाऊ, पेठच्या बाजूला कधी येणार? आमच्या आजोबांच्या वेळची निलगिरी पडलीय, १५ फुटांचे चार ओंडके आहेत.

ओंडका_दिंडोरी
पुढच्या आठवड्यात येतो दादा. सावळघाट उतरायचाय, म्हणून आधी हेड पूर्ण खाली घेऊन पटरीला बोल्टने बांधायची क्लॅम्प बनवतोय. इंजिन जड झाल्यापासून ट्रॉलीची दांडी हातात वेगळी लागते. बांधलं की फोटो टाकतो, काकांनी बघितल्याशिवाय निघणार नाही. गाईडचं काम आज संध्याकाळी.